मोडीची भांडी आणि खेळाचे यंत्र

वैनगंगेच्या काठी वसलेले भंडारा हे शहर पितळी भांड्यांकरिता फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणातून पितळ तयार होते आणि त्यातून गुंड, घागरी, पराती व तपेली घडविली जातात. अशी नवी भांडी घेताना घरातील फुटकी वा पोचे आलेली जुनी भांडी दुकानदारास देण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. या जुन्या भांड्यांना ‘मोड’ असे म्हणतात. दुकानदार मोडीचे वजन करतो, धातूच्या भावाने तिची किंमत ठरवितो, ती नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करतो आणि उरलेली रक्कम घडणावळीसह घेतो. पुढे मोड भट्टीत जाते, वितळते आणि तिच्यातून पुन्हा नवे भांडे आकारास येते. आजीच्या घागरीतील पितळ नातीच्या परातीत असणे अगदी शक्य आहे. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार याच व्यवहाराशी निगडित आहे.

या व्यवहारात फसगत होण्याचा संभव थोडा असतो. कारण जुन्या भांड्याचे मोल त्याच्या धातूत असते आणि धातू तराजूत घालून मोजता येतो. परंतु आजच्या घरांत अशा अनेक वस्तू आल्या आहेत की, त्यांचे मोल वजनावर ठरत नाही. मुलांच्या आवडीचे व्हिडिओ गेमचे यंत्र ही त्यांपैकीच एक वस्तू होय. या यंत्रास ‘कन्सोल’ असे म्हणतात. दर सहा-सात वर्षांनी त्याची नवी आवृत्ती बाजारात येते आणि ‘जुने देऊन नवे घ्यावे काय?’ हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावयाचे, तर हे यंत्र कसे चालते, नव्या यंत्रात नवे ते काय असते आणि जुने यंत्र सोडताना त्याबरोबर आणखी काय काय सोडावे लागते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

कन्सोल हा वस्तुतः एक संगणकच असतो. मात्र सर्वसाधारण संगणकाकडून पत्रे लिहिणे, हिशेब करणे अशी नाना कामे करून घेतली जातात, तर कन्सोलची घडण प्रामुख्याने खेळासाठी केलेली असते. त्याची मुख्य अंगे चार. पहिले अंग म्हणजे प्रक्रियक. खेळाडूने कळ दाबली की, तिचा अर्थ लावून पुढे काय घडावे याचे गणित तो करतो. दुसरे अंग चित्रे रेखाटणारे असते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दर सेकंदास तीस, साठ किंवा त्याहूनही अधिक चित्रे उमटविण्याचे काम त्याच्याकडे असते. तिसरे अंग म्हणजे तात्पुरती स्मृती. चालू खेळाला लागणारी माहिती तेवढ्यापुरती तिच्यात ठेवलेली असते; वीज बंद होताच ती पुसली जाते. चौथे अंग म्हणजे खेळ साठविण्याचे साधन. कधी ते कॅसेटच्या रूपात असते, कधी तबकडीच्या, तर कधी यंत्राच्या पोटातच बसविलेले असते.

या यंत्रांचा इतिहास फार जुना नाही. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ दाखविला. पुढे राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडता येणारे पहिले यंत्र तयार झाले आणि १९७२ साली ते ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ या नावाने विक्रीस आले. त्याला आवाज नव्हता. पडद्यावर केवळ पांढरे ठिपके व रेघा दिसत आणि मैदानाचा भास व्हावा म्हणून पडद्यावर रंगीत पारदर्शक कागद लावावा लागे.

१९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डो या कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र काढले. त्याचे संक्षिप्त नाव फॅमिकॉम. भारतातील पुष्कळ मुलांना या जातीच्या खेळांचा परिचय झाला तो १९९० नंतरच्या दशकात आणि तोही बहुधा या यंत्राच्या नकलांमधून. यंत्राच्या खाचेत बसविण्याच्या चौकोनी डबीला आपल्याकडे ‘कॅसेट’ हे नाव पडले. वास्तविक तिच्या आत फीत नसते. खेळ साठविलेली चकती तांब्याच्या रेघा असलेल्या एका पट्टीवर बसविलेली असते. कॅसेट चालली नाही की, मुले ती बाहेर काढून तिच्यात फुंकर मारीत आणि पुन्हा बसवीत. फुंकरीने यंत्र सुधारते अशी त्यांची दृढ समजूत होती. खरे पाहता कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने सुटलेला संपर्क जुळत असे. फुंकरीतील ओलाव्याने मात्र धातूच्या टोकांची हानीच होत असे.

फॅमिकॉमनंतर यंत्रांची शक्ती झपाट्याने वाढत गेली. तात्पुरत्या स्मृतीचेच उदाहरण घेतले, तर ही वाढ चटकन ध्यानात येते. फॅमिकॉमच्या प्रक्रियकास कामासाठी २ किलोबाइट स्मृती दिलेली होती. १९९४ साली सोनी या कंपनीचे पहिले ‘प्लेस्टेशन’ आले. त्यात २ मेगाबाइट मुख्य स्मृती होती. २००० सालच्या दुसऱ्या प्लेस्टेशनमध्ये ती ३२ मेगाबाइट झाली. २०१३ सालच्या चौथ्या आवृत्तीत ८ गिगाबाइट आणि २०२० सालच्या पाचव्या आवृत्तीत १६ गिगाबाइट, असा हा आकडा चढत गेला. २ किलोबाइटपासून १६ गिगाबाइटपर्यंतची ही वाढ ८३ लाख पटींहून अधिक भरते.

एवढा मोठा आकडा नुसता वाचून मनात ठसत नाही. भंडारा हा धानाचा जिल्हा आहे. तेव्हा धानाच्या मापाने तो पाहणे सोयीचे होईल. फॅमिकॉमची स्मृती म्हणजे धानाचा एक दाणा असे मानू. हजार दाण्यांचे वजन सुमारे २० ग्रॅम धरले, तर २०२० च्या यंत्राची स्मृती म्हणजे दीड क्विंटलहून अधिक धान होईल! एका बाजूस चिमटीतला एक दाणा आणि दुसऱ्या बाजूस भरलेली पोती, असा हा फरक आहे. इलेक्ट्रॉनिक चकतीवर मावणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या ठराविक काळाने दुप्पट होत जाईल, असे अनुमान गॉर्डन मूर यांनी १९६५ साली मांडले होते. पुढील कित्येक दशके ते पुष्कळ अंशी खरे ठरले आणि त्यामुळेच ही वाढ शक्य झाली.

नव्या यंत्राचा लाभ कोणता, हे यावरून समजते. स्मृती अधिक असल्याने खेळातील जग अधिक विस्तीर्ण करता येते. चित्रे रेखाटणारे अंग बलवान असल्याने पाण्यातील प्रतिबिंब, पानांची सळसळ, उन्हाचा कवडसा हे सारे पडद्यावर हुबेहूब दाखविता येते. तबकडी फिरण्याची वाट न पाहता खेळ क्षणार्धात सुरू होतो. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु याच ठिकाणी पहिली अडचणही उद्भवते. जुन्या यंत्रावरील खेळ नव्या यंत्रावर चालतीलच असे नाही. घागर बदलली म्हणून विहिरीचे पाणी बदलत नाही. जुन्या घागरीतले पाणी नव्या घागरीत सहज ओतता येते. खेळाचे तसे नसते. खेळ म्हणजे प्रक्रियकास दिलेल्या सूचनांची एक लांबलचक यादी असते आणि ती त्या विशिष्ट प्रक्रियकाच्या भाषेत लिहिलेली असते. मराठी वाचणाऱ्या माणसाच्या हाती तमिळ पोथी दिली, तर कागद तोच असूनही त्याला ती वाचता येणार नाही. भिन्न जातीच्या प्रक्रियकापुढे जुना खेळ ठेवला असता नेमके हेच घडते.

या अडचणीवर यंत्र बनविणाऱ्यांनी दोन उपाय योजले. पहिला उपाय म्हणजे नव्या यंत्राच्या पोटात जुना प्रक्रियकही बसवून देणे. दुसऱ्या प्लेस्टेशनमध्ये पहिल्याचा प्रक्रियक होता. एरवी तो इतर किरकोळ कामे करी आणि जुनी तबकडी घातली की, ती चालविण्याचे काम अंगावर घेई. दुसरा उपाय म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली नव्या यंत्रात घालणे. हा दुभाष्या जुन्या सूचना वाचतो आणि त्यांचे नव्या भाषेत रूपांतर करीत जातो. मात्र दुभाष्यामार्फत बोलण्यास जसा अधिक वेळ लागतो, तसे या पद्धतीत यंत्राचे श्रम पुष्कळ वाढतात.

हे उपाय प्रत्येक वेळी योजले जातात असे मात्र नाही. २००६ साली आलेल्या तिसऱ्या प्लेस्टेशनच्या आरंभीच्या यंत्रांत दुसऱ्या आवृत्तीच्या चकत्या बसविलेल्या होत्या. पुढे खर्च कमी करण्यासाठी त्या काढून टाकण्यात आल्या. चौथ्या आवृत्तीत प्रक्रियकाची जातच बदलली आणि तिसऱ्या आवृत्तीच्या तबकड्या तिच्यावर निरुपयोगी ठरल्या. पाचव्या आवृत्तीचा प्रक्रियक चौथ्याच्याच कुळातला असल्यामुळे चौथीचे बहुतेक सर्व खेळ तिच्यावर चालतात. परंतु पाचव्या आवृत्तीचा एक प्रकार तबकडीच्या खाचेविना विकला गेला. ज्याच्या घरी तबकड्यांचा संग्रह आहे, त्याने हे न पाहता तो प्रकार घेतला, तर सारा संग्रह फळीवर पडून राहावयाचा!

एकच खेळ निरनिराळ्या यंत्रांवर खेळावयाचा असेल, तर तो बनविणाऱ्यांनाही प्रत्येक यंत्रासाठी वेगळे परिश्रम घ्यावे लागतात. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी’ नावाच्या एका शूर मुलीच्या साहसाचा खेळ तयार केला. भारतीय पुराणकथा व शिल्पे यांचा आधार घेऊन रचलेला हा खेळ २०२० सालच्या ऑगस्टमध्ये प्रथम एका यंत्रावर आला आणि इतर यंत्रांवर येण्यास ऑक्टोबर महिना उजाडला.

दुसरी अडचण खेळाडूने मिळविलेल्या प्रगतीची. अनेक दिवस खेळून गाठलेला टप्पा जपून ठेवण्याची सोय जुन्या कॅसेटींमध्ये मोठ्या युक्तीने केलेली असे. कॅसेटच्या आत गुंडीएवढा एक विद्युत्घट असे आणि यंत्र बंद असतानाही तो स्मृतीस अत्यल्प वीज पुरवीत राही. या घटात बहुधा लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड हे पदार्थ असतात. या दुसऱ्या पदार्थाशी भंडारा जिल्ह्याचा जवळचा संबंध आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते आणि ते विजेरीत घालण्याच्या कोरड्या घटांच्या निर्मितीस उपयोगी पडते. चार कोरड्या घटांवर चालणारे ‘गेम बॉय’ हे हाती धरण्याचे यंत्र १९८९ साली निघाले. जगातील मुलांचे खेळ अशा रीतीने या काळ्या खनिजाच्या जातीवर वर्षानुवर्षे चालत आले.

गुंडीएवढा तो घट दीर्घकाळ टिकत असला, तरी अमर नसतो. एके दिवशी तो संपतो आणि त्याबरोबर कॅसेटमधील सारी नोंदही पुसली जाते. खेळ राहतो, खेळाडूची वाटचाल मात्र नाहीशी होते. नंतरच्या यंत्रांत ही नोंद वेगळ्या पत्त्यावर, म्हणजेच मेमरी कार्डवर किंवा अंतर्गत साठवणीत ठेवण्याची सोय झाली. म्हणून जुने यंत्र कोणास देण्यापूर्वी आपली नोंद नव्या यंत्रात नेता येते किंवा नाही, हे आधी तपासणे आवश्यक असते. येत असेल, तर ती नेल्यावर जुन्या यंत्रातील आपले नाव व खाते पुसून टाकणेही तितकेच अगत्याचे असते. अन्यथा परक्याच्या हाती घराची किल्ली दिल्यासारखे होते.

तिसरी अडचण यंत्राच्या सोबत्यांची. कन्सोल एकटे चालत नाही. त्यास दूरचित्रवाणी संच लागतो. जुनी यंत्रे अँटेनाच्या तारेने वा लाल, पांढऱ्या व पिवळ्या टोकांच्या तारांनी जोडली जात. नव्या सपाट संचांपैकी अनेकांत या तारांसाठी जागाच नसते. त्या काळच्या यंत्रांबरोबर बदकांची शिकार करण्यासाठी एक बंदूक मिळत असे. तिचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके. नळीच्या टोकाशी बसविलेला प्रकाशग्राहक तो चौकोन टिपी आणि नेम लागला असे यंत्रास कळे. जुन्या, मागे फुगीर असलेल्या संचावर चित्र तत्काळ उमटत असल्याने हा मेळ अचूक बसे. सपाट संचावर चित्र किंचित विलंबाने उमटते आणि कितीही नेम धरला तरी बदक पडत नाही. दोष ना बंदुकीचा, ना खेळाडूचा. सोबती बदलला एवढेच.

चौथी गोष्ट किमतीची आणि तीच बहुतेक घरांत निर्णायक ठरते. प्लेस्टेशनची पाचवी आवृत्ती भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आली, तेव्हा तबकडीची खाच असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. त्या हंगामासाठी, म्हणजे २०२०-२१ करिता, साधारण प्रतीच्या धानाचा किमान आधारभूत भाव क्विंटलला १,८६८ रुपये असा शासनाने ठरविलेला होता. या हिशेबाने एका यंत्राची किंमत सुमारे २७ क्विंटल धानाएवढी होते. मृगाच्या पावसाकडे डोळे लावणे, पऱ्हे टाकणे, चिखलात उभे राहून रोवणी करणे, निंदण, कापणी आणि मळणी, एवढे सारे झाल्यावर धानाचे पोते बाजारात जाते. तशी सत्तावीस क्विंटलांची पोती एका बाजूस आणि ते पांढरे यंत्र दुसऱ्या बाजूस, असे हे पारडे आहे. त्याशिवाय नव्या खेळांची किंमत वेगळीच. ज्या घरी ही किंमत जड वाटत नाही, त्या घराने यंत्र घेण्यात गैर काही नाही. परंतु किंमत केवळ रुपयांत नव्हे, तर श्रमांतही मोजण्याची सवय प्रत्येक मुलास असावी.

पुष्कळदा असेही आढळते की, जुने यंत्र निकामी झालेले नसते. त्याची केवळ हेळसांड झालेली असते. प्रक्रियक काम करताना तापतो आणि ती उष्णता पंख्याच्या साहाय्याने बाहेर टाकली जाते. पंख्याच्या पात्यांवर व जाळीवर धूळ साचली की, हवा कोंडते, यंत्र घरघरू लागते आणि मध्येच बंद पडते. विदर्भातील कडक उन्हाळ्यात तर हा त्रास अधिकच होतो. अशा वेळी यंत्र बंद करून त्याची विजेची जोडणी काढावी, बाहेरील जाळीवरची धूळ मऊ कुंचल्याने हलकेच झाडावी आणि चारही बाजूंनी वारा खेळेल अशा जागी ते ठेवावे. आतील भाग उघडण्याचे काम मात्र जाणत्या कारागिरावर सोपवावे. एवढ्याने अनेक यंत्रांचे आयुष्य वाढते आणि ‘नवे हवे’ ही निकड आपोआप मागे पडते.

इतके करूनही नवे यंत्र घेण्याचे ठरले, तर जुन्याचे काय करावे, हा अखेरचा प्रश्न. ते चालू स्थितीत असेल, तर त्याच्या खेळांसह धाकट्या भावंडास वा गरजू मित्रास देणे सर्वांत उत्तम. कारण ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याला जुने यंत्रही नवेच असते. काही दुकानदार जुने यंत्र घेऊन नव्याच्या किमतीत सूट देतात. वरवर पाहता हा मोडीचाच व्यवहार वाटतो. परंतु येथे भाव वजनावर नसून यंत्राच्या वयावर, स्थितीवर आणि मागणीवर ठरतो. पितळेचा भाव वर्षांनंतरही टिकून राहतो. यंत्राचा भाव नवी आवृत्ती निघताच उतरू लागतो.

यंत्र पूर्ण निकामी झाले असल्यास ते कचऱ्यात टाकणे अथवा जाळणे सर्वथा अनुचित होय. त्याच्या आतील पट्टीवर तांबे असते, संपर्काच्या टोकांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असू शकतो आणि त्याचबरोबर शिशासारखे विषारी पदार्थही असू शकतात. तांबे मिळविण्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या असता निघणारा धूर श्वासास घातक असतो आणि उरलेली राख माती व पाणी दूषित करते. तळी आणि बोड्या यांवर ज्या जिल्ह्याची शेती पोसली, त्या जिल्ह्यास तर पाण्याची शुद्धता प्राणाइतकी मोलाची. भारत सरकारचे ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत आणि अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून निकामी यंत्र नोंदणीकृत संकलन केंद्राकडे पोहोचविणे, हाच त्याला मोडीत काढण्याचा योग्य मार्ग होय. तेथून ते योग्य कारखान्यात गेले, तर त्यातील तांबेही पितळेप्रमाणे पुन्हा कामास येऊ शकते.

तात्पर्य, जुने सोडून नवे घेणे हे स्वतः चांगलेही नाही आणि वाईटही नाही. नव्या यंत्राने खरोखर कोणते सुख वाढणार आहे, जुन्याबरोबर कोणते खेळ व कोणत्या नोंदी गमवाव्या लागणार आहेत आणि त्याची किंमत घरातील कोणाच्या किती श्रमांतून येणार आहे, हे तीन प्रश्न जो स्वतःला विचारतो, तो सहसा चुकत नाही. भांडी घडविणारा कारागीर आलेली मोड सरळ भट्टीत टाकीत नाही. आधी तो ती हातात घेऊन वाजवून पाहतो. नुसता पोचा काढून भागण्यासारखे असेल, तर पोचा काढतो आणि भांडे पुन्हा पाणी भरण्यासाठी घरी धाडतो.